जावेला आलेलं वचन

आमच्या सांगलीच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या सकाळी उपासना संपली की स्टीलचं ताट फिरतं. त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात, प्रत्येकीवर शास्त्रातलं एक वचन. घरटी एक चिठ्ठी उचलायची आणि वर्षभर ते वचन आपलं मानायचं. आम्ही राहतो साताऱ्याला, पण त्या दिवशी सासरी जातोच.

त्या वर्षी मला धीर धरण्याचं वचन आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, डॉक्टर झाले, उपासप्रार्थना झाल्या, मूल नाही. आणि वर धीर धरा! शेजारी धाकटी जाऊ बसलेली, एक पोर मांडीवर, दुसरं पदराशी. तिला आलं तंबू मोठा करण्याचं, त्याचे दोर लांब सोडण्याचं वचन.

"आवं ताई, घराचंच वचन आलं की वो!" ती म्हणाली.

दीर कुपवाडला कारखान्यात आहेत. त्यांनी तिकडेच फ्लॅट बघून ठेवला होता, आणि उन्हाळ्यात तो झालासुद्धा. जावेनं ते वचन फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. घराच्या प्रार्थनेला पाळकसाहेबही त्याच्यावरच बोलले. सगळे आमेन म्हणाले. मी हातातला पेढा तसाच ताटलीत परत ठेवला. तिला मुलं, तिलाच घर, आणि देवाची सहीसुद्धा तिच्याच भिंतीवर?

साताऱ्याला आल्या आल्या मी शास्त्र उघडलं. मी रविवारच्या शाळेत शिकवते. वचन एकटं उचलायचं नाही, मागचंपुढचं वाचायचं, हे मुलांना घोकून घोकून सांगते. जावेची चूक मला पुराव्यानिशी पकडायची होती. तो अध्याय काढला, आणि पहिलीच ओळ होती जिला मूल झालं नाही तिच्यासाठी. तू आनंदानं गा, तुला पुष्कळ लेकरं होतील, असं तिला सांगितलं होतं. तंबू मोठा करायचा तो त्या लेकरांसाठी.

मी खुर्चीतून उठलेच. हे तर माझं! माझी चिठ्ठी त्या बाईनं उचलली आणि भिंतीला टांगली! इतकी जळले मी तिच्यावर, की नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. कधीकाळी हौसेनं आणलेली झबली मात्र कपाटातून काढून, धुऊन उन्हात टाकली.

झबली वाळेपर्यंत पुढचे-मागचे अध्याय वाचत बसले. वाचायला नको होतं. अध्यायातली ती मूल न झालेली बाई म्हणजे बाई नव्हतीच. ते एक उद्ध्वस्त शहर होतं, त्याची माणसं परमुलखात धरून नेलेली, आणि ती परत येतील असा देवाचा शब्द होता. पुन्हा पुन्हा वाचलं, कुठे माझ्यासाठी फट सापडते का बघितलं. फ्लॅट तर त्यात नव्हताच. मीही नव्हते. संध्याकाळी झबली घडी घालून आत ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ आली. पोरं अंगणात सोडली आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम काढली.

"ताई, परवा आख्खा अध्याय वाचला. ह्ये तुमचं हाय. माज्याकडं चुकून आलं. घ्या."

तिचे डोळे भरले होते. मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला. देण्यातसुद्धा हिनंच पुढे असावं! आणि फ्रेम मला हवी होती, लय हवी होती. घेतली असती तर कुणी विचारणार नव्हतं. रोज सकाळी त्या फ्रेमकडे बघून मी आशा धरली असती. पण मुलांना रविवारी कोणत्या तोंडानं शिकवणार होते?

"ते माझं नाही गं," मी म्हणाले, "आणि तुझंही नाही." मग शहराचं सगळं सांगितलं.

मला वाटलं, आता आग्रह करील, असू द्या ताई म्हणेल. तिनं फ्रेम परत पिशवीत ठेवली, आणि मला तिचा भयंकर राग आला.

पिशवी बाजूला सारत तिनं विचारलं, "तुमाला काय वचन आलं हुतं?"

"धीर धरा म्हणून."

"मग त्याच्या मागंपुढं काय लिवलंय?"

ते मी आजवर उघडून बघितलंच नव्हतं.