चेनपुलीवरचं कुंकू

झेंडूचा हार घातलेली मोटार दिसली की भोरमधलं ते प्रकरण अजूनही डोळ्यांपुढे उभं राहतं. संस्थानी अमलात मी तिथे फौजदार होतो. त्या प्रकरणातली सगळी माणसं आता गेली. गावात मात्र 'तेल घालून मालकावर मोटार पाडणारा ड्रायव्हर' ही गोष्ट अजून चालते. ती खोडायला मीच उरलो आहे.

मालक वकील होते. मोटारीची खालची कामं स्वतः करायची त्यांना हौस. मोटारखान्यात त्यासाठी काय करावं यावरून त्यांचं आणि हिर्डोशी गावच्या त्यांच्या ड्रायव्हरचं वाजलं होतं. ड्रायव्हर म्हणे, खड्डा खणा, त्यात उतरून काम करू. वकील म्हणत, भोरच्या पावसात त्याची विहीर होईल. शेवटी पुण्याहून चेनपुली आली आणि छताच्या तुळईला टांगली. चेन ओढली की मोटारीचं तोंड वर जाई आणि पुलीतला ब्रेक ते तिथेच धरून ठेवी. खाली लाकडी ठोकळे लावायचे असतात, पण वकील म्हणाले, "एवढी साखळी आणली, आता ठोकळे कशाला?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते मोटारीखाली गेले आणि मोटार सरकत खाली आली. मांडीचं हाड मोडलं. चेन ड्रायव्हरने ओढली होती. बाजारातल्या एका दुकानदाराने ठाण्यात येऊन सांगितलं, "ही साखळी एक दिवस घात करणार, असं तो माझ्यासमोर बोलला होता." वकिलांनी अंथरुणातून फिर्याद दिली. मी ड्रायव्हरला कोठडीत घातलं.

पंचांसमक्ष पुली उतरवून उघडली. ब्रेक तेलाने माखलेला होता. भाताची दोन पोती टांगून पाहिली, ती घसरली. ब्रेक रॉकेलने धुऊन कोरडा केला, तीच पोती जागची हलेनात.

"तेल कुणी लावलं?" मी विचारलं.

"म्याच लावलं. मशिनीचं काम माजंच हाय. लिवा तसं."

"अरे, जन्मठेपेपर्यंत जाईल हे!"

"जाऊ द्या, सायेब."

एवढ्या घाईने गुन्हा कबूल करणारा माणूस बहुधा कुणाला तरी पाठीशी घालत असतो, हा माझा अनुभव. मी पुन्हा पुली पाहिली. तेलाला वास होता तो स्वयंपाकघरातल्या गोड्या तेलाचा. आणि ब्रेकच्या कडेला लाल काहीतरी चिकटलं होतं.

"कुंकूपण तूच लावलंस काय रे? घातपात करणारा आधी पूजा करतो?"

खंडेनवमीला हत्यारं धुऊन, तेलाचा हात फिरवून हळदकुंकू लावायचं, हे आमच्याकडे घरोघर चालतं. मग त्याच्या तोंडून निघालं, वकिलांच्या पत्नीने नव्या पुलीचीही पूजा केली होती, अगदी मनापासून, फटीफटीत तेल सोडून.

"म्या झेंडू घिऊन आलो, तर वयनीसायेबांच्या हातात तेलाची वाटी. मला वाटलं, वरवर लावलं आसंल. त्यांच्या हातचं खाल्लंय म्या, सायेब. धन्याचा पाय आपल्या हातानं मोडला, हे त्यांच्या कानावर नगा घालू."

वकिलांना एकटं गाठून मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हिला कळता कामा नये. आणि त्याला आत्ता सोडा." मी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं, तेल कुणाचं, ते कागदावर आलंच नाही. म्हणून संशय त्या ड्रायव्हरला जन्मभर चिकटला. तो तक्रार न करता नोकरीत राहिला. ब्रेकपेक्षा कागदावरची मोकळी जागा जास्त घसरडी असते, हे मला फार उशिरा उमगलं.

पुढच्या खंडेनवमीला वकिलांनी मला फराळाला बोलावलं. ते काठी टेकत मोटारखान्यात आले. पुलीखाली ठोकळे रचलेले होते. बाई तेलाची वाटी घेऊन स्टुलावर चढू लागल्या, तसा ड्रायव्हर पुढे झाला.

"द्या हिकडं, वयनीसायेब. तुमी हार घाला. वरचं म्या बघतो."

"गेल्या वर्षी मीच लावलं होतं रे!"

"व्हय. पर हिचा मान डायव्हरचा आसतो."

बाई हसल्या आणि वाटी त्याच्या हातात दिली. त्याने फक्त आकड्याला तेल लावलं, उरलेलं स्वतःच्या केसांना चोपडलं. वकील तोंड फिरवून बाहेर बघत होते. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.