थाककाकांनी गाडी बदलली ते वर्ष

थाककाकांची गाडी आमच्या गल्लीत मावायची नाही. ती येताना दिसली की भाजी निवडत बसलेल्या बायका टोपल्या मांडीवर ओढून घ्यायच्या आणि पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. काका दोन्ही बाजूंचे आरसे मिटून, बोटभर अंतर राखत ती आत आणायचे. इतक्या वर्षांत तिच्यावर ओरखडा म्हणून पडला नाही. काळी, चौकोनी, लांबलचक ग्रँजर. सामछनफोच्या बंदरामागे काकांचं मासे सुकवायचं आवार होतं. धंदा भरात असताना त्यांनी ती घेतली, आणि गावाने त्यांना शेठ म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. पुढे आवार विकलं, धंदा बंद झाला, तरी शेठ हे नाव राहिलं, कारण गाडी राहिली.

मी लग्न होऊन, देश सोडून या गल्लीत आले तेव्हा थाकांचं घर नांदतं होतं. दोंगिल आणि मिहे ही दोन मुलं. इथे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून बान ग्यंगजाकाकूंना सगळे दोंगिलची आई म्हणायचे. दोंगिल सव्विसाव्या वर्षी रक्ताच्या आजाराने गेला. त्यानंतर गल्लीने न बोलता ठरवल्यासारखं त्यांना मिहेची आई म्हणायला सुरुवात केली. मीसुद्धा. घरात मात्र ती दोघं एकमेकांना जुन्याच नावाने हाक मारायची. दुपारी खिडकी उघडी असली की ऐकू यायचं. दोंगिलचे बाबा, पाणी तापलंय. दोंगिलची आई, चष्मा कुठे ठेवलास. ते ऐकलं की मी हातातलं काम क्षणभर थांबवायची.

दोंगिलला सोलच्या दवाखान्यात न्यायचे ते याच गाडीतून. पूर्ण दिवसाचा प्रवास. तो मागच्या सीटवर उशी घेऊन झोपायचा, पुढे काका आणि काकू. त्याच्या शेवटच्या वर्षात ती गाडी किती वेळा सोलला गेली ते देवालाच ठाऊक. तो गेल्यावर काकांनी गाडी विकावी असं बरेच जण म्हणाले. काकांनी ऐकलं नाही. दर रविवारी अंगणात काढून ती धुवायचे, आतून पुसायचे, आणि मागची सीट पुसताना दार लावून घ्यायचे.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. डावा पाय आणि हात गेला, बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत राहिलं. महिन्या-दीड महिन्याने त्या काठी घेऊन घरात चालू लागल्या. व्यायामाच्या दवाखान्यात त्यांना मी न्यायची, माझ्या डबड्या गाडीतून. काका म्हणायचे, मी नेतो की. काकू म्हणायच्या, तुमची गाडी बुटकी आहे, बसताना माझा गुडघा वळत नाही. आणि हिच्याबरोबर चार गप्पा होतात.

आता माझी गाडी काकांच्या गाडीहून उंच आहे असं काही नाही. उलट जरा बुटकीच. काकू काठी माझ्या हातात द्यायच्या, छपराला धरायच्या आणि बसायच्या. हे मी पाहत होते, पण विचारलं कधी नाही. माणूस सबब सांगतो तेव्हा त्याला तेवढा आडोसा हवा असतो.

खरी अडचण आली ती बेकजुंगला. सातव्या महिन्यातल्या पौर्णिमेला डोंगरावरच्या मंदिरात मृतांची नावं वाचतात. दोंगिलच्या नावाची पाटी तिथेच आहे. आईबापाने मिळून जायचं, अशी काकूंची श्रद्धा. आणि घरची गाडी असताना मुलाला भेटायला भाड्याच्या नाहीतर दुसऱ्याच्या गाडीतून जायचं नाही, असा काकांचा हट्ट. त्या वर्षी काका कोट घालून, गाडीचं दार उघडून अंगणात उभे राहिले. काकू उंबऱ्यापर्यंत आल्या, गाडीकडे पाहिलं आणि गुडघा वळत नाही म्हणून आत निघून गेल्या. दोंगिलचं नाव वाचलं गेलं तेव्हा तिथे घरचं कुणीच नव्हतं.

त्यानंतर काका खचले. मिहे पुसानहून यायची, बापाला समजवायची. ती तशी तोंडाची फटकळ. बाबा, तुम्ही लोखंड सांभाळताय आणि आई घरात कोंडून बसलीय, असं तिने एकदा जेवताना माझ्यादेखत सुनावलं. काका भातात चमचा खुपसून बसून राहिले.

वसंतात एका सकाळी ते आमच्या दारात आले. नव्या ग्रँजरमध्ये बटण दाबलं की सीट मागे सरकते, हे खरं का, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं. खरं आहे, म्हणाला तो. मग त्यात तिला बसता येईल, एवढंच म्हणून काका परत गेले.

जुनी गाडी शोरूमवाल्यांनी बदल्यात घेतली. तेगूचा कुणी जुन्या गाड्यांचा शौकीन आधीच त्यांच्याकडे नाव नोंदवून बसला होता. गाडी द्यायच्या दिवशी काकांनी ती धुतली, पुसली, आणि गल्लीतून बाहेर काढायला दुसऱ्याला हात लावू दिला नाही. कोपऱ्यावर उतरून किल्ली दिली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते कमरेतून वाकलेले तसेच उभे होते, वडीलधाऱ्यांना निरोप देताना वाकतात तसे. कू आजी, कोपऱ्यावर कालव्यांच्या भाताची खानावळ चालवतात त्या, दारातून म्हणाल्या, "शेठ, सरळ व्हा. कंबर धरली तर नवी गाडी कोण चालवणार?"

काकू त्या वेळी माडीवरच्या खिडकीत होत्या. मी वर पाहिलं. त्यांनी पडदा ओढून घेतला नव्हता. शांतपणे पाहत होत्या.

नवी गाडी आली तीही काळीच. दारांच्या कडांना निळ्या स्पंजचे तुकडे चिकटवून येतात ते काकांनी काढले नाहीत, सीटवरचं प्लॅस्टिकही नाही. बेकजुंगच्या आदल्या आठवड्यात तिची पूजा करायचं ठरलं. इथे अशा पूजेला गोसा म्हणतात. आपल्याकडे दसऱ्याला करतात तसलंच, फक्त नारळाच्या जागी डुकराचं मुंडकं आणि हाराच्या जागी सुकवलेला पोलॉक मासा. माशाला पांढरा दोरा गुंडाळतात आणि पूजेनंतर तो गाडीच्या डिकीत बांधून ठेवतात. त्याचे डोळे उघडे असतात ना, म्हणून तो वाटेतली इडापिडा पाहत राहतो, असं म्हणतात. गाडी आहे तोवर मासा तिच्यात राहतो. गाडी गेली की मासाही गेला. नव्या गाडीला नवा मासा.

कू आजींनी सगळं मांडलं. बॉनेट उघडून त्याच्यापुढे मेज, मेजावर मुंडकं, लाल चवळी घालून केकसारखी उकडलेली तांदळाची वडी, सफरचंद-नासपती, तांदळाच्या दारूचं भांडं. मिहे आली होती. काकूंना मी धरून अंगणात आणलं. त्यांनी चांगले कपडे केले होते, केसांना तेल लावलं होतं. पूजा झाली की काका त्यांना बंदरापर्यंत एक फेरी मारून आणणार होते. पुढच्या आठवड्यात मंदिर. आज बसता आलं की तेव्हाही बसता येईल, हे सगळ्यांच्या मनात होतं.

चाकांवर दारू ओतून झाली. काका गुडघे टेकून वाकले. मग कू आजी मासा उचलायला गेल्या आणि थांबल्या.

तो मासा नवा नव्हता. काळपट, वाळून लाकूड झालेला, शेपटी तुटलेली. त्याच्यावर दोरा कसाही गुंडाळलेला, गाठीवर गाठी, पिवळा पडलेला. आजींनी आणलेला ताजा, सोनेरी मासा मेजाखाली कागदात तसाच होता.

"हे काय हो, शेठ?" आजी म्हणाल्या. "जुनं भूत नव्या घरात आणतं का कुणी?"

काका कुणाकडे न पाहता म्हणाले, हा दोंगिलने बांधलाय. त्यांचं खरं होतं. जुनी गाडी आली तेव्हा दोंगिल सात-आठ वर्षांचा होता, दोरा मीच बांधणार म्हणून रडला होता, आणि सुटू नये म्हणून त्याने त्या गाठी मारल्या होत्या. गाडी देताना काकांनी सगळं दिलं, फक्त हा मासा डिकीतून काढून घेतला.

मी काकूंचा दंड धरला होता. काका पुढे आले, दार उघडलं, बटण दाबलं. सीट अलगद मागे सरकली. काकू म्हणाल्या, "मी बसणार नाही."

मिहेने कपाळाला हात लावला. आई, आता गुडघ्याचं काय, असं ती म्हणू लागली, तर काकूंनी काठी जमिनीवर आपटली. गुडघा ठीक आहे, म्हणाल्या. पहिल्यापासून ठीक आहे.

कू आजींना माणसं ओळखता येतात. त्यांनी मेजावरची वडी उचलली, मिहेचं कोपर धरलं, शेजारच्यांना पुढे घातलं आणि खायला चला म्हणून सगळ्यांना आत नेलं. मला जाता येईना, काकूंचा सगळा भार माझ्यावर होता.

काकू जड जिभेने, एकेक शब्द शोधून बोलत होत्या. "शेवटच्या वेळी सोलहून परत येताना त्याने मागून हाक मारली. आई म्हणाला. मी रडत होते. वळले असते तर त्याला दिसलं असतं. म्हणून झोपल्याचं सोंग केलं. त्याने परत हाक मारली. मी वळले नाही." थोडा दम घेतला. "त्या गाडीत बसले की मागून हाक येते. इतकी वर्षं बसले, तुमच्यासाठी. तुम्हाला ती गाडी हवी होती. आजारी पडले तेव्हा वाटलं, सुटले. आता तुम्ही तेच उचलून यात आणून बांधताय."

काका उघड्या दाराला धरून उभे होते. मला वाटलं आता ते रागावतील नाहीतर खाली बसतील. त्यांनी दार हळूच लावून घेतलं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला ती हवीय. म्हणून ठेवली."

"मला?"

"दोंगिलची आई, ऐक. पुढे आपण थांबलो होतो. तू हात धुवायला गेलीस. तेव्हा तो मला म्हणाला, आईला सांगू नका मी हाक मारली ते. ती रडत होती. मला आरशात दिसत होतं, असंही म्हणाला." काकांनी नाक पुसलं. "सांगू नका म्हणाला, म्हणून नाही सांगितलं."

काकूंनी माझा हात सोडला. एकट्याच काठीवर उभ्या राहिल्या, चाकाशी सांडलेल्या दारूकडे पाहत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा हलत नव्हता. मी मनात देवाचं नाव घेत राहिले, दुसरं काय करणार.

शेवटी त्या म्हणाल्या, "बाजारातल्या थंड शेवया खायच्या होत्या का त्याला, काय म्हणायचं होतं?"

"तहान लागली होती. मी पाणी दिलं त्याला."

"दिलंत ना?"

"दिलं. सगळी बाटली प्यायला."

काकूंनी मान हलवली. मग माशाकडे बोट केलं. "सोडवा तो. कात्री लावू नका."

काका पायरीवर बसले आणि माशाच्या गाठी सोडवू लागले. सात वर्षांच्या पोराने जीव लावून मारलेल्या गाठी, त्याही इतक्या वर्षांच्या. आतून खाण्यापिण्याचा आवाज येत होता. मिहे एकदा दारात आली, बापाला तसं बसलेलं पाहिलं आणि काही न विचारता परत गेली. ऊन उतरलं तेव्हा दोरा अख्खा हातात आला. काकूंनी तो बोटाला गुंडाळून जपमाळेच्या पिशवीत ठेवला. मासा काकांनी धक्क्यावरून समुद्रात सोडला. कू आजींनी ताज्या माशाला नवा दोरा बांधून डिकीत ठेवला आणि मी त्यांना सांगितलं की काकू आज गाडीत बसल्या नाहीत, तरी पुढे बसतील.

पौर्णिमेच्या सकाळी काकू स्वतःच अंगणात आल्या. प्लॅस्टिक काढा आधी, घसरायला होतं, म्हणाल्या. काकांनी ते ओरबाडून काढलं. काकू बसल्या. मी आणि मिहे मागे. वाटेत काकूंनी एकदा मान वळवून आम्हा दोघींकडे पाहिलं, जवळजवळ पूर्ण वळून, आणि परत पुढे बघू लागल्या.

शेवटी जाळण्यासाठी मृतांचे कागदी कपडे मंदिरात रचून ठेवतात. काकूंनी दोरा त्या ढिगात ठेवला. इतक्या वर्षांत काका देवळाच्या आत कधी आले नव्हते, बाहेर गाडीपाशीच थांबायचे, ती उन्हात तापते म्हणून पुसत बसायचे. या वेळी त्यांनी बूट काढले. काकूंना खाली वाकता येत नव्हतं, त्यांना खुर्ची दिली होती. म्हणून त्यांच्या वाटचे नमस्कार काका घालायला लागले. देवळातली ती पद्धत त्यांना येत नव्हती. गुडघे कुठे, हात कुठे. भिक्षू एका सुरात नावं वाचत होते, आणि थाक दोंगिल हे नाव आलं तेव्हा काका कसेबसे जमिनीवर पोचले.

काकूंनी काठीच्या टोकाने त्यांच्या पाठीला हळूच टोचलं.

"कपाळ टेकवा," त्या म्हणाल्या. "नीट. दोघांचं करताय."