पोलादाला रीटेक नाही

११ डिसेंबर २०२४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. लातूरच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये सलीमभाईंचे लालभडक पाते तेलात बुडाले, भपकन जाळ उठला आणि दिग्दर्शक म्हणाले, "सुंदर. आता हेच पुन्हा, क्लोजअपमध्ये."

सुऱ्या घडवणाऱ्या कारागिरांच्या रिअ‍ॅलिटी शोची ती अंतिम फेरी होती. मी नांदेडच्या एका प्रयोगशाळेत मेटलर्जिस्ट आहे. शोची टेक्निकल सल्लागार म्हणून तिथे होते. कंधारच्या सलीमभाईंना जिंकायचे होते, कारण बक्षिसात विजेवर चालणारा पॉवर हॅमर होता आणि हाताने घण मारून त्यांचा खांदा निकामी होत चालला होता.

"रीटेक होणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम, पाच मिनिटांचं काम."

मी त्यांना समजावले. हे पाते ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचे. असे पोलाद तापवून झटकन थंड केले की कडक होते. त्याला पाणी देणे म्हणतात, मग ते तेलात का दिलेले असेना. त्या वेळी ते काचेसारखे ठिसूळही असते. पुन्हा तापवून बुडवले तर तडकण्याची शक्यता वाढते.

सलीमभाई खिशातल्या कंगव्याने दाढी नीट करत होते. "साहेब म्हणून राहिले तर देऊ की अजून एक डुबकी. मघाशी माझं तोंड धुरात गेलतं."

"सलीमभाई, तोंड पाहिजे की हॅमर?"

त्यांनी विचार केला. "हॅमर. पन तोंडाचं बी काही बघा."

म्हणून आम्ही साध्या लोखंडाचे डमी पाते कापून घेतले. त्यात कार्बन फारच कमी, त्यामुळे कितीही बुडवले तरी ते मऊच राहते. त्यावर मी खडूने फुली मारली. मग दिग्दर्शकांनी मनसोक्त रीटेक घेतले आणि सलीमभाईंनी प्रत्येक वेळी कंगवा फिरवला.

पुढची पायरी टेम्परिंगची. पाते ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन तास ठेवले की ठिसूळपणा कमी होतो. ओव्हन तापायला लावून मी परतले, तेव्हा आर्ट विभागाने दोन्ही पाती पुसून काळ्या मखमलीवर शेजारी मांडली होती. खडूची फुली फ्रेममध्ये वाईट दिसते म्हणून तीही पुसली होती.

दोन्ही काळी, दोन्ही एकाच मापाची. चुकीचे पाते बांबू तोडण्याच्या चाचणीला गेले असते तर तिथेच वाकले असते आणि हॅमर गेला असता.

"माझं मी वळखतो," म्हणत सलीमभाईंनी एक उचलले. खाली ठेवले. दुसरे उचलले. "सकाळपासून दोन्ही माझीच होऊन बसलीत की."

मी कानस मागवली. मऊ लोखंडात कानशीचे दात रुततात. कडक पोलादावरून ती घसरते. लोहा गावचा साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन सावरत पुढे आला. "थांबा, माइक जवळ घेतो."

पहिल्या पात्यावर खर्र आवाज आला आणि लोखंडाचा कीस पडला. दुसऱ्यावरून कानस नुसती निसटली.

"मॅडम, हे हाय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पयलं बोंबलून राहिलं, हे शीळ घालतंय."

सगळी शेड हसली. दिग्दर्शकांनी 'अजून एकदा' म्हणायला बोट वर केले.

"डमीवर कानस कितीही वेळा फिरवा," मी म्हणाले.

टेम्परिंग होऊन मूठ बसल्यावर संध्याकाळी सलीमभाईंच्या सुरीने बांबू तोडला आणि त्याच धारेने टोमॅटोचे पातळ काप केले. प्रतिस्पर्ध्याची धार बांबूवरच दुमडली होती. सलीमभाईंनी हॅमरला मिठी मारली. तिचे तीन टेक झाले.

प्रसारणात डमीचा जाळ वारंवार दिसला, कानशीच्या आवाजाला ढोलाची साथ मिळाली आणि दोन तासांचे टेम्परिंग ओव्हनचे दार लागून उघडण्यात संपले. माझी तक्रार नाही. कडकपणा घरोघरी ऐकू गेला, हे मला पुरेसे वाटते. एवढेच शिकले, की ज्या पात्याने तोडायचे आहे ते आणि जे नुसते दाखवायचे आहे ते, ही दोन पाती वेगवेगळ्या टेबलांवर ठेवावीत.

त्यानंतर सलीमभाई सुरी घेऊन नांदेडला प्रयोगशाळेत आले. "गिऱ्हाईक विचारून राहिले, किती कडक हाय. आकडा द्या, दुकानाच्या बोर्डावर टाकतो."

रॉकवेल यंत्र हिऱ्याचे टोक पोलादात दाबते आणि ते किती खोल गेले त्यावरून आकडा देते; चांगल्या सुरीचा तो ५५ ते ६० असतो. सलीमभाई वाकून पाहत होते.

"साठ लिहू का? गोल दिसतंय."

"यंत्र म्हणते तेच लिहा."

मुठीजवळ ५७. मध्यभागी ५८. टोकाशी ५८.