आधी पाय, मग गाडी

आमची सून सुनीता रोज संध्याकाळी फाटकापाशी स्कूटीवरून उतरते आणि गाडी हाताने ढकलत आत आणते. फाटकातून ट्रॅक्टर जाईल एवढी जागा आहे. खिडकीतून बघताना मला वाटायचं, जपून वागते बिचारी.

काल तिला विचारलं, "बसूनच का येत नाहीस गं?"

"नको आई. पुन्हा सगळे हसतील," ती म्हणाली, तेही हसतच.

ते हसणं मीच सुरू केलं होतं. माझ्या लेकीच्या बाळाच्या बारशाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. ही गाडीवरून आत आली तशी मी ओसरीवरून ओरडले, "सरका रे! आमच्या सुनेचे आधी पाय येतात, मग गाडी. बायकांचा ब्रेक चपलेत असतो!" मोठा हशा पिकला. तीही हसली, म्हणून मला वाटलं, तिला लागलं नाही.

मला तरी कळायला हवं होतं. सासरे चारचौघांत म्हणायचे, "बाईची अक्कल चुलीपुरती." तेव्हा मीही हसायचे. न हसून जाणार कुठे? आणि मी तर आयुष्यात साधी सायकल चालवली नाही.

थट्टेने कुणी मरत नाही, असं मी म्हणत आले. मरत नाही हे खरं, पण गाडीवरून उतरतं.

आज तिच्या यायच्या वेळेला मी फाटकाची दोन्ही दारं उघडून ठेवली आणि हाक मारली, "ये गं, बसूनच ये."

ती थांबली. माझ्याकडे बघून हसली, आणि फाटकापाशीच उतरली.