रेणूच्या थरातली तेवढीच भोकं

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सोलापूरच्या आमच्या कॉलेजात सरांनी मला एक नाजूक काम दिलं. पाण्यावर स्टिअरिक आम्लाचा एकाच रेणूएवढा जाड थर पसरायचा, ॲल्युमिनियम चढवलेल्या काचेवर तो अलगद उचलायचा, वर पाऱ्याचा थेंब ठेवायचा आणि वीज आरपार जाते का बघायचं. स्टिअरिक आम्ल म्हणजे मेणबत्तीतलाच पदार्थ. थर निर्दोष असेल तर वीज अडेल, मीटरची सुई हलणार नाही, असं सर म्हणाले आणि मीही मान डोलावली.

सुई रोज हलायची. थोडीच, पण हलायची. थराला भोकं पडली म्हणून मी वहीत लाल फुली मारायची. अडीच महिने नुसत्या फुल्या. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बदलायचा, म्हणजे वर्ष वाया. आणि घरच्यांनी शिकायला एवढंच वर्ष कबूल केलं होतं. मला रडू यायचं, त्याहून जास्त राग यायचा.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी सुई जागची हलली नाही. मी हरखून शिपाईमामांना हाक मारली. मामा मंगळवेढ्याकडचे. काचा धुवायचं आणि माझ्याबरोबर सुई बघायचं काम त्यांचंच.

"खंडेनवमीला समद्या यंत्रांची पूजा केली की," मामा कौतुकानं म्हणाले. "काचांवरनं बी तेलाचा हात फिरवला. चमकाय नको?"

माझं तोंड एवढंसं झालं. तेलाच्या जाड थरातून वीज कशाला जाते! मी त्यांना नको ते बोलले. मामा तेलकट काचा घासायला बसले. घासता घासता म्हणाले, "ताई, एक इचारू? फाटक्या कापडाला भोकं रोज येगळी पडत्यात. तुमची सुई रोज चारावरच कशी थांबायची?"

मी वही उघडली. चार, चार, चाराला किंचित कमी. एकावर एक तीन थर चढवले होते त्या दिवशी मात्र सुई जेमतेम हललेली. मी वही घेऊन सरांकडे पळत गेले. ते पुष्कळ वेळ पानं उलटत राहिले.

"भोकं नाहीतच," ते म्हणाले. "असती तर आकडा रोज बदलला असता. थरच इतका पातळ आहे की वीज त्याला जुमानत नाही, भोक नसतानाही आरपार जाते. आपण दोघंही शून्याची वाट बघत बसलो."

तेच आकडे प्रबंधात गेले. वर्ष वाचलं. मी वहीतून ते आकडे उतरवून घेत असताना मामा मागे उभे होते.

"मग ह्या फुल्या कशाच्या?"

"माझ्या चुकीच्या, मामा," मी म्हणाले.