घाटावरची गाडी, घाटाखालचं पाणी

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. माझ्या सासूबाईंच्या मते देवाने त्यातला एकच भाग मन लावून केला. त्या घाटावरच्या, मेहकरच्या. लग्न होऊन घाटाखाली आल्या, वडनेर भोलजीजवळच्या आमच्या गावात, जिथे जमिनीतून पाणी येतं ते खारं. या पाण्यात वरण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो. सासूबाईंचे केस गळले ते या पाण्याने, गुडघे गेले तेही याच पाण्याने. सासरे तापट होते, तेही म्हणे लहानपणापासून हेच प्यायल्यामुळे.

"माह्या मायच्या दारातल्या विहिरीचं पानी पाह्यजे होतं तुम्ही," असं त्या आल्यागेल्याला सांगतात. "नुस्तं पानी पिलं तरी मानूस जेवल्यावानी होते."

मी नांदुऱ्याची, खाऱ्या पाण्यावरच वाढलेली. त्यामुळे या विषयात मला मत नाही, असं घरात केव्हाच ठरून गेलं आहे. आता प्यायला जारचं पाणी विकत येतं, बोअरचं फक्त वापरायला. पण तक्रार काही थांबली नाही. उलट जारचं पाणी तोंडात घेतलं की त्यांना विहिरीची आठवण जास्तच येते.

आणि त्या विहिरीपर्यंत त्यांना जाता येत नव्हतं. त्यांना एसटी लागते. साधीसुधी नाही, स्टँडवर नुसता डिझेलचा वास आला तरी पिशवी शोधावी लागते. मोटरसायकलवर गुडघे दुमडत नाहीत. त्यामुळे माहेर फोनवर आलं होतं. संक्रांतीला त्यांच्या भावाचा फोन आला. मामा एकटेच राहतात, वय झालेलं. ते म्हणाले, "बाई, या आखाजीले ये. पुढच्या आखाजीले आपल्यातलं कोन घागर भरन आन कोनाची भरा लागन, सांगता येत नाही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. बाहेर ऊन भाजून काढत असतं. अशा दिवसांत मेलेल्या माणसालाही तहान लागत असेल, इतका साधा विचार आहे त्यामागे. फोनवर सासूबाई हसल्या. संध्याकाळी मात्र त्यांनी मुलाला सांगितलं, "मले मेहकरले ने. मायची घागर मले माह्या हातानं न्यायची आहे."

म्हणून आम्ही जुनी गाडी घेतली.

"सेकंडहँड म्हंजे?" सासूबाईंनी अंगणात उभं राहून विचारलं.

"आधी दुसऱ्याकडे होती."

"म्हंजे एका घरी नांदून आली. मंग त्यानं काऊन सोडली?"

सोडली नव्हती, मालकाला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. मेहकरचे एक निवृत्त मास्तर होते ते. मेहकर म्हटल्यावर सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "तसं सांग ना. मंग चांगलीच असन," असं म्हणून त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवला.

माझा नवरा गाडीबद्दल सगळं शिकला, फक्त चालवणं सोडून. स्टीअरिंगवर बसला की त्याला घाम फुटतो. चालवायला मी शिकले, आणि तो मोबाइलवर बघून बघून देखभालीतला तज्ज्ञ झाला. जुनी गाडी आणि आमच्याकडचा उन्हाळा, म्हणजे रोज सकाळी इंजिन थंड असताना सगळं तपासलंच पाहिजे, हे त्याला कोणीतरी पटवून दिलं होतं. झालं. पूर्वी उठल्यावर तो कूलरमध्ये पाणी भरायचा. आता आधी बॉनेट, मग कूलर, मग चहा. ऑइलची पट्टी काढायची, जुन्या बनियनने पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि उजेडात धरून डोळे बारीक करायचे. मग ब्रेकच्या तेलाची डबी. मग काच धुण्याचं पाणी, जे मी कधी वापरतच नाही, कारण त्याने काच आणखी घाण होते. सगळं ठीक असलं की तो थोडा नाराज व्हायचा.

रेडिएटरने मात्र त्याला कधी नाराज केलं नाही. तिथली पातळी रोज थोडी कमी असायचीच. कुठलातरी पाइप झिरपत होता. मी म्हटलं, नांदुऱ्याला नेऊन पाइप बघून घेऊ. तो म्हणाला, "उन्हाळ्यात पाणी जास्त लागतंच. आपल्याला नाही लागत?" ज्याने शंभर व्हिडिओ पाहिले त्याच्याशी कोण वाद घालणार!

आमच्या गावात कोणी बॉनेट उघडलं आणि शेजारी आला नाही, असं होत नाही. शेजारच्या काकांकडे ट्रॅक्टर आहे, म्हणून मतही आहे. त्यांनी आत डोकावून पाहिलं. "हे हिरवं सरबत काऊन टाकलं बे?"

"कुलंट आहे काका, इंजिन थंड ठेवायला."

"आमच्या ट्रॅक्टरनं जिंदगीत सरबत नाही पिलं. पानी टाक, पानी."

नवऱ्याने मान डोलावली, पण त्याच्या ज्ञानाप्रमाणे पाणी टाकायचंच तर निदान ते शुद्ध पाहिजे होतं. म्हणून तांब्या घेऊन तो जारकडे गेला. तिथे सासूबाई उभ्या होत्या.

"गाडीले जारचं पानी? इथं मानसाले पुरून नाही राह्यलं."

"आई, खारं पाणी चालत नाही तिला."

"काऊन? मले चाललं ना?"

नवऱ्याने तांब्या बोअरच्या बादलीत बुडवला. तेव्हापासून रोज सकाळी मेहकरची गाडी आमच्या गावचं पाणी पिऊ लागली. पुढे पुढे तर सासूबाईंनाच त्याची सवय लागली. चहा गाळता गाळता आतून विचारायच्या, "पाजलं का तिले?"

आखाजीच्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी तयार होत्या. ठेवणीतलं लुगडं, कुंभाराकडची नवीकोरी घागर, पिशवीत आंबे, कुरडया आणि एक तांब्या. माहेरी रिकामी घागर घेऊन जाऊ नये म्हणून ती त्यांनी भरूनच घेतली, आणि भरली ती जारच्या पाण्याने. मेहकरला गेल्यावर हे पाणी झाडाला घालून विहिरीचं भरायचं होतं. तरीही खारं पाणी त्या घागरीत नको होतं. "माय एकदाच आली होती इथं," त्या म्हणाल्या. "एक घोट घेतला आन गिलास खाली ठेवला तिनं. मले आजपन तो गिलास दिसते." घागरीच्या तोंडाला त्यांनी फडकं बांधलं आणि ती मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसल्या. नवरा मागे बसला. त्या सकाळी त्याने सगळी तेलं दोन-दोनदा तपासली होती. गाडीसाठी पाण्याचा कॅनही भरला होता. तो कॅन ओट्यावरच राहिला, हे त्याला खामगाव मागे पडल्यावर आठवलं.

सासूबाईंना गाडी लागली नाही. काच उघडी, पदर डोक्यावर, आणि येणाऱ्या प्रत्येक गावात आपलं कोण कोण दिलेलं आहे याची माहिती चालू. मला इतकं बरं वाटत होतं की मीही मधूनमधून खोटंच आश्चर्य दाखवत होते. मग घाटाचा चढ लागला आणि इंजिनच्या तापमानाच्या काट्याने मान वर काढली.

"सुई कुठे आहे?" मागून प्रश्न आला.

"वर."

"किती वर?"

"लाल आहे तिथं."

पुढे आणखी विचारायची गरज पडली नाही, कारण बॉनेटमधून वाफ निघायला लागली होती. मी गाडी एका कडुलिंबाखाली घेतली. नवरा उडी मारून उतरला आणि त्याने झाकणाकडे हात नेला. मी अशी ओरडले की दोन माकडं पळाली. तापल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, हे मला त्यानेच सांगितलं होतं. मग आम्ही बसलो, गाडी निवायची वाट बघत. पिण्याच्या बाटल्या आम्ही खामगावातच संपवल्या होत्या. ऊन चढत होतं आणि घागर भरायची ती माध्यान्हीच्या आत. मामांचा फोन आला, "कुठलोग आली बाई?"

"घाटात आहो," सासूबाई म्हणाल्या. "गाडी दम खाऊन राह्यली."

बॉनेटवर हात टेकवता येऊ लागला तेव्हा नवऱ्याने बनियनचा बोळा धरून सावकाश झाकण काढलं. आत पाणी दिसत नव्हतं. दिसत होता पांढरा थर. त्याने बोट फिरवलं तर पापुद्रा निघून आला. सासूबाई घागर कडेवर घेऊन उतरल्या आणि बॉनेटपाशी आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"हे काय व्हय?"

"क्षार आहे आई. आपल्या पाण्याचा."

त्यांनी तो पापुद्रा हातात घेतला. तो त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. चहाच्या पातेल्यात, तांब्याच्या बुडाला, न्हाणीघरात, आयुष्यभर त्यांनी तोच खरवडला होता. मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. "घाटावरची ना हे?"

"हो. मेहकरची."

"बिचारी," सासूबाई म्हणाल्या. "हिलेबी आपल्याच गावात दिलं."

मला हसू आलं. पण त्यांनी घागरीचं फडकं सोडायला घेतलं आणि माझं हसू तिथेच थांबलं.

"आई, घागर रिकामी होईल," नवरा म्हणाला. "माहेरी रिकामी घागर नेतात का?"

"मानूस पोचलं तर घागर पोचन. धर तो तांब्या."

आधी त्यांनी आंब्यांच्या पिशवीतला तांब्या भरून दिला, मग मुलगा नीट धरत नाही म्हणून स्वतःच घागर तिरकी करून ओतायला लागल्या. नवरा "हळू, आई, हळू" म्हणत राहिला. मेलेल्या आईच्या घागरीत जपून आणलेलं पाणी घळघळ आत जात होतं, आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर मुलांना दूध पाजणाऱ्या बाईची घाई होती. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी घागर धरून ठेवली.

यानंतर आमच्या तज्ज्ञाने आपलं शेवटचं ज्ञान बाहेर काढलं. चढावर इंजिन तापू द्यायचं नसेल तर आत हीटर लावायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आपल्याकडे येते. त्या उन्हात, सगळ्या काचा उघड्या टाकून, पूर्ण हीटर लावून आम्ही घाट चढलो. समोरून येणारे लोक आमच्या तोंडाकडे बघत होते.

"हे थंड काऊन होऊन नाही राह्यलं?" सासूबाईंनी समोरच्या हवेच्या जाळीवर हात धरून विचारलं.

"आई, तिची गरमी आपण घेऊन राह्यलो."

त्यांनी घामाने भिजलेला पदर सारखा केला. "घेऊ," त्या म्हणाल्या. "थोडी आपनबी घेऊ."

मेहकरला पोचलो तेव्हा आम्ही तिघं पिळून काढावीत अशी ओली होतो. मामा दारातच उभे होते. सासूबाईंनी घागर पदराखाली लपवली, पण घागर ती घागर, लपणार कुठे?

"बाई, रिकामी?"

"वाटेत एक माहेरवाशीन तहानली होती," त्या म्हणाल्या. "चाल, विहिरीचं भर लवकर. टाइम होऊन राह्यला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. अंगणात जिथे विहीर होती तिथे सिमेंटचा चौथरा होता आणि त्यावर मोटरसायकल उभी होती. विहीर आटली, मग बुजवली. बहिणीला फोनवर सांगायचं त्यांच्या जिवावर आलं असणार. त्यांनी घागर हातात घेतली आणि घरात नेली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात निळा जार होता, अगदी आमच्या घरी येतो तसाच. त्याच्या तोटीखाली त्यांनी घागर धरली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या चिडल्या असत्या, मामांना दोन शब्द बोलल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी घागरीत वाळ्याची काडी टाकली, तोंडावर आंबा ठेवला, फूल वाहिलं आणि हात जोडले. नंतर मामांनी त्यांना त्याच जारमधून गिलास भरून दिला. त्यांनी तो एका दमात संपवला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "मेहकरच्या पान्याची गोठच वेगळी."

मामांनी मान खाली घातली. माझ्या नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला.

दुपारी गावातल्या मिस्त्रीकडून पाइप बदलून घेतला, रेडिएटर धुऊन घेतला. उन्हं उतरल्यावर निघालो. मामा आणि सासूबाई दारात एकमेकांचे हात धरून उभे होते. दोघांनाही हात सोडायचा नव्हता. मग त्या पुन्हा आत गेल्या आणि जारमधून तांब्या भरून घेऊन आल्या. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"गाडीले पाज."

"आई, भरलंय सगळं. मिस्त्रीने आत्ताच भरलं."

"घोटभर तरी पाज," त्या म्हणाल्या. "माहेराहून पोरीले कोनी तहानेलं धाडत नाही."

मी बॉनेट उघडलं.