अनुमोदक म्हणून लिहिलेलं नाव

तानूअक्का गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. पंचायत समितीतून निवृत्त झालेल्या आम्हा कर्मचाऱ्यांचा एक ग्रुप आहे. वाढदिवस आणि निधन, या दोनच कारणांनी तो जागा होतो. दीड महिन्यापूर्वी सकाळी कुणीतरी अक्कांचा फोटो टाकला. डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, खाली 'माजी पंचायत समिती सदस्या'. सांगलीच्या दवाखान्यात गेल्या, असं लिहिलं होतं. हात जोडलेली चित्रं येऊ लागली आणि त्यातच माझ्या बरोबरीच्या एकाने विचारलं, "याच ना त्या, स्वतःच्या गावचं उपकेंद्र घालवणाऱ्या?" मलकापूरला मुलाच्या घरी गॅलरीत बसून मी ते वाचलं. उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं... या प्रश्नाचं खरं उत्तर मी बावीस वर्षं दाबून ठेवलं होतं. आज वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत ते लिहितो आहे.

मी समितीत लिपिक होतो. मासिक सभेचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे होतं. तानूअक्का राखीव जागेवरून निवडून आल्या त्या तालुक्याच्या कोरड्या पूर्व भागातून. त्यांच्या गावची निम्मी घरं दसरा झाला की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायची, ती पावसाळ्याच्या तोंडावर परतायची. तेव्हा बऱ्याच महिला सदस्यांच्या खुर्चीवर त्यांचे नवरेच येऊन बसत. अक्का मात्र एसटीने एकट्या यायच्या. पहिल्याच सभेत सभापती गमतीने म्हणाले, "अक्का, कशाला दगदग करता? मालकांना पाठवत जा की." अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मालक मेंढरामागं हायती. तुमी चार दिस मेंढरं राखा, मग लावून देते त्यास्नी." सभागृह हसलं, सभापतीही हसले. त्यानंतर त्यांना असं कुणी काही सुचवलं नाही. अक्कांना सहीपुरतं लिहिता येई, आणि ती सही करायला त्यांना इतका वेळ लागे की हजेरीचं रजिस्टर मी त्यांच्याकडे सर्वांत शेवटी नेत असे. पण मागच्या सभेत कोण काय बोललं, ते त्या शब्द न शब्द सांगत.

त्यांच्या गावी आरोग्य उपकेंद्र होतं, शाळेशेजारच्या एका खोलीत. नवीन इमारतीसाठी निधी येणार म्हटल्यावर ते डांबरी रस्त्यावरच्या मोठ्या गावात न्यावं, अशी शिफारस करण्याचा विषय सभेपुढे आला. विषय आणणाऱ्यांना खलनायक करण्यासारखं त्यात काही नव्हतं. रस्त्यावरच्या गावाने जागा देऊ केली होती, तिथे गाडी पोहोचत होती, सिस्टरला राहायला खोली होती. शिवाय अक्कांच्या गावची लोकसंख्या निकषात बसत नव्हती. अक्का उभ्या राहिल्या. त्या कधीही बसून बोलत नसत. "साहेब, तुमी माणसं मोजली ती कवा? आमची माणसं कोकणात असताना. गावात मागं राहत्यात कोण? म्हाताऱ्या, गरवार बाया आन् अंगावरची पोरं. मग मला येवढंच सांगा, दवाखाना कुणासाठी असतुया? जे चालत जाऊ शकत्यात त्यांच्यासाठी?" सभापती म्हणाले, "भावना समजली अक्का." आणि विषय मंजूर झाला.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. प्रत्येक ठरावाखाली दोन नावं लागतात, सूचक आणि अनुमोदक. सभेत ती क्वचितच कुणी उच्चारतं. आमच्याकडची रीत अशी की ठरावांचा मसुदा मी सभेच्या आधीच करून ठेवायचा आणि नावं पाळीपाळीने घालायची. प्रत्येकाला आपलं नाव दिसलं की बरं वाटायचं. अनुमोदक म्हणून मी बहुतेक वेळा बायकांची नावं घालत असे, त्या कधी हरकत घेत नसत. त्या दिवशी सकाळी त्या विषयाखाली पाळीने तानूअक्कांचं नाव पडलं. सभेनंतर मी मसुदा पाहून इतिवृत्त रजिस्टरात उतरवलं आणि सभापतींची सही घेतली. चूक माझ्या ध्यानात आली ती दुसऱ्या दिवशी. दुरुस्त करायची तर खाडाखोड करावी लागली असती, तीवर सही घ्यावी लागली असती, गटविकास अधिकाऱ्यांना कारण द्यावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसते, याचा मला अभिमान होता. तपासणीला आलेले अधिकारी माझं अक्षर इतरांना दाखवत. मी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं.

ठरावाची नक्कल गावात गेली, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, कुणीतरी मोठ्याने वाचली. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायचा विषय आला तशा अक्का उभ्या राहिल्या. "ह्या ठरावाखाली माझं नाव घातलंया. मी तर हिथं उभं राहून न्हाई म्हणलं हुतं." सभापतींनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो भाऊसाहेब?" सगळे माना वळवून बघत होते. मी रजिस्टर उघडलं, पान काढलं आणि म्हणालो, "साहेब, रजिस्टरला तर तसंच आहे."

ते वाक्य खोटं नव्हतं... आणि त्यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही. अक्का खाली बसल्या. संध्याकाळी एसटी स्टँडवर त्या गाडीची वाट बघत होत्या. मी तोंड चुकवून निघालो होतो, त्यांनीच हाक मारली. "भाऊसाहेब, तुमी हुता नव्हं तिथं? मी बोलले ते ऐकलं नव्हं?" मी म्हणालो, "ऐकलं अक्का. पण आता सही झाली." एवढ्यात त्यांची गाडी लागली. पुढची निवडणूक त्या हरल्या. त्यांच्याच गावात हरल्या.

ग्रुपवरचा तो प्रश्न वाचल्यावर चार दिवसांनी मी त्यांच्या गावी गेलो. घरी त्यांची सून मंगल होती. समितीत कामाला होतो एवढं सांगितलं, तिने पाणी दिलं. आतल्या वाशाला तानकाटा टांगलेला होता, लहान मुलांना झोळीत घालून वजन करतात तो, गोल तबकडीचा. उपकेंद्र हललं तेव्हा नव्या जागी नवा काटा आला आणि हा जुना सिस्टरने अक्कांना दिला. तेव्हापासून दर महिन्याला त्या गावातल्या पोरांची वजनं करत. आता अंगणवाडीत काटा आहे, पण बायका सवयीने इथेही येतात, असं मंगल म्हणाली.

मग तिने सांगितलं. उपकेंद्र गेल्यानंतरच्या वर्षी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. कळा सुरू झाल्या, जीप मिळायला उशीर झाला, मूल वाटेतच गेलं. "लोकं मला म्हणायची, तुझ्या सासूनंच दवाखाना घालवला, तूच भोग आता." ती पुढे म्हणाली, "आत्या न्हाई म्हणायच्या, आन् कागद व्हय म्हणायचा. मी काय धरायचं? ईस वर्सं एका चुलीवर खाल्लं आमी, पर तेवढं एक मनात ऱ्हायलंच. आबा, तुमी हुतासा नव्हं तिथं? आत्यांनी खरंच व्हय म्हणलं हुतं का?"

मी म्हणालो, "नाही. उभं राहून विरोध केला होता. तो कागद मी लिहिला. तुझ्या सासूचं नाव मी घातलं, आणि विचारलं तेव्हा रजिस्टरला तसंच आहे म्हणालो."

तेवढ्यात शेजारची एक बाई मुलाला घेऊन आली आणि झोळीत घालायला लागली. मंगल उठली. "थांब गं, आधी रिकामी बघू दे. आत्या काय म्हणायच्या?" तिने रिकामी झोळी टांगली, तबकडीवर बोटाने टिचकी मारली, काटा शून्याच्या जरा पुढे थांबला होता, तो स्क्रू फिरवून मागे आणला. मग मूल आत घातलं. वजन मोठ्याने सांगितलं, वहीत लिहिलं, मुलाला आईकडे दिलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "माझ्या एकटीला सांगून काय उपेग न्हाई, आबा. लोकास्नी कागदावर आलं तवाच खरं वाटलं. आता बी कागदावरच येऊ द्या. तवा लिवलंसा तशाच चांगल्या अक्षरात."

तेव्हा लिहितो. उपकेंद्र हलवण्याच्या त्या ठरावाला तानूबाईंचं अनुमोदन नव्हतं. त्यांनी उभं राहून विरोध केला होता, आणि तो मी ऐकला होता. हा मजकूर लिहिताना चार ठिकाणी खाडाखोड झाली आहे. ती तशीच ठेवून मूळ कागद मी मंगलकडे नेऊन देणार आहे. वजनाची वही ती काट्याखालच्या खुंटीला अडकवते. त्याच खुंटीला तो लाव म्हणेन, म्हणजे पोर घेऊन येणारी प्रत्येक बाई, काटा शून्यावर येईतो, तो वाचेल.